मुऱ्या मुरल्यात

घरातले म्हणतात, तुमचं डोकं फार लवकर तापतं. तापतं, खरं आहे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, नातवंडं कॉलेजात गेली, तरी कुणी छापील कागद पुढे करून “इथं एका ओळीत लिहा” म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा बँकेत असंच झालं. काउंटरमागची मुलगी घाबरली आणि नातू ओशाळला. त्यांना काय सांगणार? एका ओळीत काय काय बुडतं ते मी पाहिलेलं आहे. ती ओळ दुसऱ्या कुणाची असती तर आतापर्यंत मी तिला विसरलोही असतो. ती माझ्या हातची होती.

गोष्ट पन्नास सालानंतरची. मी पुण्याचा, पेठेत वाढलेला. लोकल बोर्डाने मास्तर म्हणून नेमलं तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. गाव इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडे. पाटाचं पाणी जिथवर पोचायचं तिथवर ऊस, त्याच्या पुढे ज्वारी. मधून एक ओढा नीरेकडे जायचा. ओढा तसा लहान होता, दोन ढांगांत ओलांडता येई. पण पाटाखालच्या उसाला दिलेलं पाणी जमिनीतून पाझरून त्यात उतरायचं. त्यामुळे आसपासचे ओढे दिवाळीनंतर कोरडे पडले तरी हा होळीपर्यंत वाहायचा. तळाला सुपारीएवढे गोटे, त्यांच्याखाली जाड रेती, आणि पाणी इतकं नितळ की गोटा न् गोटा मोजून घ्यावा.

शाळा ओढ्याकाठच्या मारुतीच्या देवळात भरायची. चार इयत्तांना मी एकटा मास्तर. तिथे मी काय शिकवलं म्हणाल, तर मुख्यतः खोडलं. पाटीवर, वहीवर कुणी ‘हाय’ लिहिलं की मी ते खोडून वर ‘आहे’ लिहायचो. ‘न्हाय’चं ‘नाही’ करायचो, ‘तितं’चं ‘तिथे’. लाल शाईच्या पुड्या बारामतीहून मागवायचो, कारण त्या मला महिन्याला पुरत नसत. इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी शेरा दिला, ‘शुद्धलेखनाकडे विशेष लक्ष’. तो शेरा मी पत्रातून घरी कळवला होता आणि वडिलांनी तो शेजारच्यांना वाचून दाखवला होता. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, गाडीवाटेच्या उताराजवळ, भोयांचं एकच खोपट उरलं होतं. त्यात एक बाई राहायची. वय पन्नाशीच्या पुढे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, जमिनीचा तुकडा नाही. सगळं गाव तिला मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. देवळापासून उतारापर्यंतचा ओढ्याचा पट्टा तिचा. तिचा म्हणजे कागदावर नव्हे. तिच्या सासऱ्याच्या आज्यापासून त्या पट्ट्यात फक्त त्यांच्याच घरची माणसं मासे धरत आली होती आणि गावाला ते मान्य होतं. त्या पट्ट्यात मुऱ्या मिळायच्या. मावशी त्या पानात बांधून घरोघर द्यायची आणि पदरात चिपटंभर ज्वारी घ्यायची, उरलेल्या घेऊन बावड्याच्या बाजाराला जायची. तिचं पोट त्यावरच होतं.

मुरी म्हणजे काय ते आता सांगायला हवं, कारण आज ती कुणी पाहिलेली नसते. बोटाएवढा मासा. रंग ओल्या वाळूचा, अंगावर काळसर ठिपक्यांची रांग. खवले बोटाला लागत नाहीत, अंग नुसतं बुळबुळीत. तोंड खालच्या बाजूला आणि तोंडाभोवती मिशा. बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून गावात मुरीचं कालवण द्यायची पद्धत होती. माळकरी घरांतसुद्धा ते व्हायचं. फक्त चूल बाहेर अंगणात, तीन दगडांची, आणि गाडगं वेगळं. मुरी पोटात गेलेली चालायची, घरात आलेली चालायची नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मुऱ्यांवर वेळ आली तेव्हा या तीन दगडांवर जेवलेल्या घरांपैकी एकही घर बोललं नाही.

माझी मुरीशी ओळख झाली ती निसर्गपाठाच्या तासाला. पुस्तकात माशाचं चित्र होतं, चांगलं गुबगुबीत, खवल्याखवल्यांचं. जिवंत मासा दाखवावा म्हणून मी मावशीला सांगून ठेवलं. ती तांब्यात एक मुरी घेऊन देवळाच्या पायरीशी आली. मी आत डोकावलो, चित्र पाहिलं, पुन्हा तांब्यात पाहिलं.

“हा मासा नाही,” मी म्हणालो. “माशाला खवले असतात.”

“मंग ह्यो काय बोकड हाय?” मावशी म्हणाली.

सगळं देऊळ हसलं. मी संतापलो आणि मास्तरकीच्या तोऱ्यात तांब्यात हात घातला. मुरीने अंग वळवलं आणि माझ्या बोटाला काहीतरी कचकन टोचलं. बोटातून रक्त आलं.

“डोळ्याच्या बुडाला काटा असतुय तिच्या,” मावशी शांतपणे म्हणाली. “गुर्जी, नुसतं बगावं आदी. हात मागनं घालावा.”

तिथेच मी शहाणा व्हायला हवा होतो. थोडा झालोही. रविवारी शाळा नसली की मी उताराजवळच्या शिळेवर जाऊन बसायचो आणि मावशी काम करता करता सांगायची. तिची मासे धरायची रीत अशी: जुन्या लुगड्याचं धडपं प्रवाहाच्या खालच्या अंगाला पायाने दाबून धरायचं, वरचा एक दगड डाव्या हाताने उचलायचा, उजव्या हाताने रेती ढवळायची. मुरी निसटून धडप्यात येते. मग तो दगड परत ठेवायचा, आणि तोही होता तसाच, शेवाळाची बाजू वर, बिनशेवाळाची खाली. एकदा मी मदत करायला गेलो आणि दगड उलटा ठेवला. तिने तो उचलला आणि सुलटा केला. “तिचं घर हाय त्ये,” एवढंच म्हणाली. त्या दगडाच्या पोटाला बारीक किडे चिकटलेले असतात आणि मुरी त्यांच्यावर जगते, हे मला पुढे कळलं.

बसून बसून मला बरंच दिसू लागलं. मुरी दिवसा दडून असते आणि उन्हं कलली की बाहेर पडते. तळाशी तोंडात रेती घेते, त्यातलं खाण्याजोगं ठेवते आणि उरलेली कल्ल्यांतून बाहेर सोडते. तिच्या गळ्याखालून रेतीचा बारीक धूर निघतो. पाणी कमी झालं, शिळं झालं, की ती सरळ वर येते, हवेचा एक घोट गिळते आणि पुन्हा तळाला जाते. थोड्या वेळाने तिच्या मागच्या बाजूने बुडबुडे निघतात. मी म्हणालो, असं कसं, मासे पाण्यातच श्वास घेतात. मावशी म्हणाली, “ती दोनी करती. आडचनीत मानूस न्हाय का मिळंल त्ये करत?” आणि आभाळ भरायच्या आदल्या दिवशी सगळ्या मुऱ्या अस्वस्थ होतात, वरखाली करतात, हे तर मी स्वतः पाहिलं. ओढ्याला नवं पाणी आलं की त्या प्रवाहाच्या उलट चढतात, पार बांधाकडच्या ओघळांपर्यंत, आणि तिथे गवताच्या मुळांत अंडी घालतात. त्या आठ-दहा दिवसांत मावशी ओढ्यात पाऊल टाकायची नाही. तेव्हा घरात ज्वारी नसली तर ती उपाशी राहायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “पोटुशीला हात लावत्यात व्हय?”

मी हे सगळं एका वहीत लिहून ठेवत होतो. शुद्ध भाषेत, अर्थात. तिचं एकही वाक्य त्या वहीत तिच्या तोंडचं नव्हतं.

होळीनंतर ओढा आटला. आधी धार तुटली, मग डबकी राहिली, मग तीही गेली, आणि चैत्राच्या अखेरीस उताराजवळ नुसते पांढरे गोटे तापत पडले. उन्हाळ्यात मुऱ्या कुठे जातात, हे मी मावशीला विचारलं नव्हतं. माझा तिथला तो पहिलाच उन्हाळा. ओढा आटला म्हणजे विषय संपला असं मी धरून चाललो आणि वही मिटून ठेवली.

त्याच आठवड्यात जीप आली. जीपमधून बारामतीचे ओव्हरसियर उतरले आणि त्यांच्यासोबत गावचे आबा. आबांचा ऊस ओढ्याच्या दोन्ही काठांना होता. उसाच्या गाड्या कारखान्यापर्यंत नेण्यासाठी पक्का रस्ता व्हायचा होता, त्यासाठी साहेब जागा बघायला आले होते. रस्ता हवाच होता. पावसाळ्यात गाड्या चिखलात रुतून बैलांचे हाल व्हायचे ते मीही पाहत होतो. साहेबांच्या हातात छापील तक्ता होता, गावाची माहिती भरायचा. असले तक्ते भरायला सगळीकडे मास्तरच सापडतो. देवळात चटई पसरली, मी टाक घेऊन बसलो आणि रकाने भरू लागलो. विहिरी किती, झाडं कोणती, गाडीवाटा कुठे. मग एक रकाना आला: ‘नदी, ओढे यांतील मासेमारी’.

“हे त्या मावशीचं,” आबा म्हणाले. “बोलवा तिला.”

मावशी आली आणि पायरीखाली उभी राहिली. साहेबांनी घड्याळाकडे पाहत विचारलं, “बाई, ओढ्यात मासे आहेत का?”

“मुरल्यात की सायेब,” मावशी म्हणाली.

“म्हणजे?” साहेब माझ्याकडे वळले. “गुरुजी, काय म्हणते ही?”

आता बघा. मला विचारलं होतं. तिच्याकडे तोंड करून “मावशी, मुरल्यात म्हणजे काय?” असं विचारायला मला किती वेळ लागला असता? पण साहेबांसमोर गावंढळ बोलीचा अर्थ सांगणारा मी एकटा शिकलेला माणूस, या कल्पनेनेच माझी छाती फुगली होती. पाणी मुरलं म्हणजे गेलं, संपलं, हे मला ठाऊक होतं. मग मासे मुरले म्हणजे तेही गेले. लोणचं मुरतं तेव्हा ते बरणीतच असतं, हे माझ्या आईच्या हातचं लोणचं वीस वर्षं खाऊनही मला सुचलं नाही!

“गेले म्हणते,” मी म्हणालो, आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘ओढा आटून मासे नाहीसे झाले आहेत. सध्या ओढ्यात मासे नाहीत.’ ते शुद्ध ‘आहेत’ लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही आठवतंय. मग साहेबांनी शाईची डबी पुढे केली आणि मावशीचा अंगठा त्या ओळीखाली उठवून घेतला.

“काय लिवलं वो गुर्जी?” तिने अंगठा लुगड्याला पुसत विचारलं.

“तू सांगितलंस तेच, मावशी. फक्त शुद्ध केलं.”

ती मान हलवून गेली. तिचा माझ्यावर विश्वास होता. त्या विश्वासाची मला आजही चीड येते, कारण मी त्याच्या लायकीचा नव्हतो आणि तिला ते कळायचं काही साधन नव्हतं.

आठ दिवसांनी ती तास चालू असताना देवळाच्या दारात आली. असं ती कधी करत नसे.

“गुर्जी, माझ्या पट्ट्यात फक्की कशापायी मारली?”

मी बाहेर जाऊन पाहिलं. देवळापासून उतारापर्यंत ओढ्याच्या तळावर चुन्याच्या फक्कीच्या दोन सरळ रेघा ओढलेल्या होत्या. रस्त्यासाठी तिथले गोटे आणि रेती काढायची, असं मुकादम सांगून गेला होता.

“तिथे आता मासे नाहीत, म्हणून असेल,” मी म्हणालो.

“कोन म्हनलं न्हाईत?”

“तूच म्हणालीस. साहेबांसमोर.”

“मी म्हनलं मुरल्यात!” तिचा आवाज चढला. तो एकदाच चढला, आयुष्यात मी तो तेवढाच ऐकला. तिने माझं मनगट धरलं आणि मला ओढ्यात नेलं. उताराच्या खाली, जिथे काठाला लव्हाळ्याची मुळं होती, तिथे ती बसली आणि एक गोटा उचलून बाजूला ठेवला, शेवाळाची वाळलेली बाजू वर. हाताने रेती उकरू लागली. वरची रेती तापलेली. वीतभर खाली गार. आणखी चार बोटं खाली ओली. पाट वर कुठेतरी चालू होता आणि त्याचा पाझर या रेतीखालून, कुणाला न दिसता, सरकत होता. तिने दोन्ही हात एकदम आत घालून ओंजळ वर काढली. ओंजळीत रेती, आणि रेतीत एक मुरी, वेटोळं करून पडलेली, अंगावर चिकट ओल. ती मेलेली आहे असं मला वाटलं. मावशीने तिच्यावर फुंकर घातली. मुरीने मिशा हलवल्या आणि तोंड उघडून हवेचा एक घोट घेतला.

“मुरली म्हंजी निजली,” मावशी म्हणाली. “पानी आलं का उटती. आमी ह्या दिसांत हितं पायबी टाकत न्हाय, घर दबंल म्हनून.”

तिने मुरी परत आत ठेवली, रेती लोटली, गोटा जागच्या जागी ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तुमी काय लिवलंया?”

मी तिला सांगितलं. शब्दाला शब्द. तिने हातांची रेती झटकली आणि ती खोपटाकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला सुट्टी दिली. पहाटे ओढ्यातून दोन मुऱ्या उकरून ओल्या रेतीसकट तांब्यात घेतल्या, वर फडकं बांधलं आणि सायकलने इंदापूर गाठलं. तिथल्या कचेरीत म्हणाले, हे काम बारामतीचं. एस.टी. पकडून बारामतीला गेलो. साहेब जेवायला गेले होते, मग झोपायला गेले होते. मी व्हरांड्यात बसून तांब्यात थोडं थोडं पाणी घालत राहिलो. चार वाजता साहेब आले. मी तांब्या त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, मुरणे म्हणजे काय तेसुद्धा.

साहेब आत डोकावले. “हे मासे? मला तर गांडुळं वाटली.”

“ओढ्याच्या रेतीतून काढलेत, साहेब. जिवंत आहेत.”

“ओढ्यातूनच काढले कशावरून? पाटातून आणले असतील.” मग त्यांनी कपाटातून तो तक्ता काढला आणि माझ्यासमोर धरला. “गुरुजी, हे अक्षर कुणाचं? ओढ्यात कुणाची मासेमारी असती तर मी गोटे नीरेच्या पात्रातून आणले असते. दोन कोस लांब पडलं असतं, पण आणले असते. तुम्हीच लिहून दिलंत की मासे नाहीत. खाली त्या बाईचा अंगठा आहे.”

“तिला मी वाचून दाखवलं नव्हतं.”

“मग वाचून दाखवायचं होतं,” साहेब म्हणाले. “अक्षर मात्र सुरेख आहे हं तुमचं.”

त्या माणसाचा मी पुढे अनेक वर्षं मनात गळा धरला. मुजोर होता, आळशी होता, टेबलावर जिवंत मासा ठेवला तरी त्याला दिसला नाही. पण वाचून दाखवायचं होतं, हे त्याचं बोलणं खरं होतं, आणि त्याला माफ न करण्याचं ते खरं कारण आहे.

परत आल्यावर आबांकडे गेलो. आबा ओसरीवर पान जुळवत होते. मी विनवलं, भांडलो. म्हणालो, तुमच्या सुनेला माघात ह्याच मुऱ्यांचं कालवण गेलंय, तुमच्याच अंगणात शिजलंय.

“गुर्जी,” आबा हसून म्हणाले, “बोटाएवढ्या माशापायी गावाचा रस्ता आडवायचा व्हय? आन् पानी आलं की येत्यात की मासं. कुठं जात्यात?”

“कुठून येतील? जे आहेत ते सगळे इथेच खाली आहेत. तेच काढून टाकलेत तर येणार कोण?”

“वरनं येत्याल. न्हायतर खालनं येत्याल. तुमी पुस्तकातलं शिकवा, ह्ये आमाला कळतंय.”

त्यांना खरंच कळत नव्हतं, असं मला वाटायचं. आता वाटतं, कळत होतं. फक्त त्यात त्यांचं काही जात नव्हतं.

सोमवारी खोदाई सुरू झाली. वीसेक माणसं, कुदळी, पाट्या. पहिल्याच तासात माझी शाळा मोडली, कारण देवळातून सगळं दिसत होतं. कुदळ मारली की ओली रेती वर यायची आणि तिच्यात मुऱ्या. एक नाही, दोन नाही. शेकड्यांनी. सालभर मी ज्या ओढ्यात दोन-चार मोजत होतो त्याच्या पोटात इतक्या असतील अशी कल्पना नव्हती. झोपेतून उठवलेल्या त्या मुऱ्या पाटीत वळवळायच्या, ढिगावर पडायच्या, उन्हात दोन-तीनदा तोंड उघडायच्या. हवा गिळून जगता येतं, पण वाळून जगता येत नाही. बगळे आले, कावळे आले. कामावरची माणसं सुरुवातीला हसली, मग दमली आणि बघेनाशी झाली. मी मुकादमावर ओरडलो. तो म्हणाला, मला हुकूम आहे.

मावशी ओरडली नाही. ती गाडगं घेऊन ढिगाऱ्याशी बसली आणि एक एक मुरी वेचू लागली. मीही बसलो. आमची बोटं त्या काट्यांनी फाटून गेली. दुपारपर्यंत दोन गाडगी भरली. ओढ्यात डबकंसुद्धा उरलं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, देवळाच्या विहिरीत सोडू. मावशीने विहिरीत वाकून पाहिलं. “हितं रेती न्हाय,” ती म्हणाली. तरी सोडल्या, दुसरं करणार काय? दुसऱ्या दिवशी काही पोटं वर करून तरंगत होत्या, बाकीच्या पुन्हा दिसल्या नाहीत. मी रिकामं गाडगं विहिरीच्या कठड्यावर आपटून फोडलं. मावशीने खापऱ्या गोळा केल्या, कारण त्या कुणाच्या पायात गेल्या असत्या.

मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेलो नाही. अर्ज लिहीत बसलो. तालुक्याला, जिल्ह्याला, सगळीकडे. प्रत्येक अर्जात मी समजावून सांगत होतो की मुरणे या शब्दाचा त्या भागात अर्थ वेगळा आहे. एकाचंही उत्तर आलं नाही. रस्ता तोवर झाला. चांगला झाला. त्यावरून चालताना पायाखाली ते सुपारीएवढे गोटे यायचे आणि मी काठाच्या मातीतून चालायचो.

पुढे ओढ्याला पाणी आलं. पण तळाला आता रेती नव्हती, गोटे नव्हते. पिवळी चिकण माती उघडी पडली होती. पाणी गढूळ राहिलं आणि थांबायला काही न मिळाल्याने भरभर निघून गेलं. मावशीने रीतीप्रमाणे दहा दिवस ओढ्यात पाऊल टाकलं नाही. पोटुशी कुणी राहिलेली नव्हती, तरी टाकलं नाही. अकराव्या दिवशी सकाळी ती धडपं घेऊन आली. मी शिळेवर बसलो होतो. उचलायला दगड नव्हता, म्हणून तिने नुसतंच धडपं पायाने दाबून धरलं आणि हाताने चिखल ढवळला. उतारापासून देवळापर्यंत ती अशी चालत गेली, मग देवळापासून उतारापर्यंत परत आली. धडप्यात पालापाचोळा होता, एक बेडकी होती. पुढच्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिने धडपं पिळलं, नीट चौघडी केली आणि माझ्यापाशी येऊन काठावर बसली. उद्यापासून आबांच्या उसात खुरपायला जाणार असल्याचं तिने सांगितलं.

मी म्हणालो, “मावशी, तू मला शिव्या दे. काहीतरी बोल.”

तिने धडप्याची घडी मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे वळून, पोरं पाटी दाखवताना बोलतात तितक्या साध्या आवाजात म्हणाली,

“काय बोलू, गुर्जी? तुमी लिवलं हुतं त्ये आता बराबर हाय.”